नाकातला डोह आणि नदीकाठचे गोखरू

औषधखिडकीच्या पलीकडची मुलगी पांढऱ्या कागदावर एकेक औषध तोलून टाकत होती. तिसऱ्या ढिगाशी माझी नजर अडली. गोखरू! आमच्या सिंदफणेच्या काठचे, शाळेतून येताना परकराला चिकटणारे, शेळ्यांच्या शेपटीत गुंतून बसणारे गोखरू. भाजून तपकिरी झालेले, काटे झडलेले, पण तेच. बाहेर चीनमधल्या हांगझोऊचा फेब्रुवारीतला थंड पाऊस, इकडे माझं कपाळ ठणकतंय, आणि मला दिसतोय माजलगावच्या पलीकडचा आमच्या गावचा नदीकाठ.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गेल्या काही महिन्यांत विचारलं, "तुझं सायनसचं डोकं म्हणे चिनी काढ्यानं थांबलं. आम्हालाही पाठव ना." मी काहीच पाठवलं नाही. का नाही, हे फोनवर नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी इथल्या थंडीबद्दल, कारण दुखणं तिथूनच आलं. चीनमध्ये छिनलिंगचे डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला हिवाळ्यात घरं सरकारी व्यवस्थेतून गरम ठेवली जातात. दक्षिणेला ती सोय नाही. हांगझोऊ त्या रेषेच्या दक्षिणेला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर तीन-चार अंश असले, तर घरातही अंगावरचा कोट काढवत नाही. एसीची गरम हवा लावावी तर नाक, घसा कोरडे पडतात. माझं काम कापडाच्या डिझाइनचं. आठवड्यातून दोनदा शाओशिंगजवळच्या कछियाओच्या कापडबाजारात जावं लागतं. थंड रस्ता, गरम दुकान, पुन्हा थंड रस्ता, असा दिवस जातो.

फेब्रुवारीत साधी सर्दी झाली. आठव्या दिवशी वाटलं, सुटले. दहाव्या दिवशी ती उलटली. दोन्ही भुवयांच्या वर आणि गालांच्या हाडात दाब, खाली वाकलं की डोकं पुढच्या बाजूनं फुटेल असं वाटायचं, आणि वास तर पूर्ण गेलेला. सकाळी उठल्यावर दुखणं चढायचं, दुपार कलली की थोडं उतरायचं. माझी आजी अशा डोक्याला "सूर्याबरोबर चढणारं डोकं" म्हणायची. आयुर्वेदात त्याला सूर्यावर्त हे नाव आहे, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या आयींनी मला दवाखान्यात नेलं. चिनी भाषेत आईच्या वयाच्या बाईला "आयी" म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी माझ्या पोटात गलबललं होतं. आता सवय झाली आहे, तरी अधूनमधून कुणाचं तरी पोर जिन्यात "आयी!" अशी हाक मारतं आणि पाऊल थांबतंच.

चिनी वैद्यकाची रुग्णालयं इथे स्वतंत्र असतात. म्हणजे कोपऱ्यातला वैद्य आणि त्याच्या बरण्या असं चित्र डोळ्यापुढे आणू नका. बहुमजली इमारत, रक्ततपासणी, सीटी स्कॅन, शस्त्रक्रियाही, आणि त्याच छताखाली जडीबुटीची औषधखिडकी. कान-नाक-घशाच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी आधी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. मग माझे दोन्ही मनगट एका छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग प्रश्न. कुठे दुखतं ते बोटानं दाखवा. वाकल्यावर वाढतं का? शेंबूड पांढरा की पिवळा, पातळ की चिकट? एकाच नाकपुडीतून येतो की दोन्हीतून? त्याला घाण वास आहे का? तोंड कडू पडतं का? वरच्या दाढा दुखतात का? उजेड सहन होतो का?

डोकेदुखीसाठी मी आजवर अनेक दवाखान्यांत गेले आहे. इतके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. यातले दोन प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागतील : एकाच नाकपुडीचा आणि उजेडाचा.

मग त्यांनी कागदावर दोन अक्षरं काढून दाखवली. बी-युआन. बी म्हणजे नाक आणि युआन म्हणजे खोल डोह. दोन हजार वर्षांहून जुन्या "ह्वांगदी नेइजिंग" या वैद्यकग्रंथात हा शब्द आहे. पित्ताशय आपली उष्णता वर मेंदूकडे सरकवतं, मग नाकातून गढूळ पाणी वाहायचं थांबत नाही, त्याला बी-युआन म्हणतात, असं तिथलं वर्णन. पित्ताशयाचा आणि नाकाचा असा संबंध आजचं शरीरशास्त्र मानत नाही. पण कवटीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्यांत साचून गढूळ झालेलं पाणी आणि निचऱ्याची अरुंद वाट, हे सगळं "डोह" या एका शब्दात मावलेलं आहे. सायनस म्हणजे काय हे मला सीटी स्कॅनच्या चित्रापेक्षा त्या शब्दानं जास्त कळलं.

त्या पित्ताशयाच्या कल्पनेतूनच इथे एक तयार गोळी निघाली आहे, हुओदान-वान. तिच्यात असतं डुकराचं पित्त आणि पाच. पाच म्हणजे तीच, आपल्याकडे मरव्याच्या जोडीनं वेणीत माळतात ती. वेणीतली पाच इथे सायनसच्या गोळीत भेटावी याचं मला फार अप्रूप वाटलं. पण माहेरी आम्ही शाकाहारी, त्यामुळे ही गोळी नको असं मी आधीच सांगून टाकलं. चिनी औषधात प्राणिज पदार्थ बरेच असतात. ज्यांना चालत नाहीत त्यांनी आधी विचारावं. विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

मला सात दिवसांचा काढा मिळाला. त्याचा गाभा चार औषधांचा : भाजलेले गोखरू, शिनयी, बाइझी आणि पुदिन्याच्या जातीचं बोह. डॉक्टरबाईंनी त्यात ज्येष्ठमध आणि आणखी दोन मुळ्या घातल्या होत्या. ही चौकडी जुनी आहे. यान योंगह या वैद्यानं १२५३ सालच्या आपल्या ग्रंथात ती चूर्ण म्हणून दिली आहे. चारही वस्तू वाळवून बारीक दळायच्या आणि जेवणानंतर कांद्याची पात व पातळ चहा यांच्याबरोबर घ्यायच्या. तो काळ दक्षिण सुंग राजवटीचा, आणि तेव्हा राजधानी होती हेच हांगझोऊ. ज्या शहरात मी नाक धरून बसले होते, तिथे पावणेआठशे वर्षांपूर्वीही कुणीतरी असंच बसून चहाबरोबर हे चूर्ण घेत असेल, हा विचार त्या दुखण्यातही सुखावून गेला.

चारांतली शिनयी माझी सगळ्यात लाडकी. या मॅग्नोलियाच्या न उमललेल्या कळ्या. आमच्या इमारतीखाली या कुळातलं एक झाड आहे. हिवाळ्यात पान एक नसतं, नुसत्या फांद्या आणि त्यांच्या टोकांवर मांजराच्या पंजासारख्या राखाडी, लवदार कळ्या. टोकाला निमुळत्या, शाईत बुडवायच्या कुंचल्यासारख्या, म्हणून या झाडाला इथे "लाकडी कुंचला" असंही नाव आहे. उमलायच्या आधीच कळी खुडायची, कारण औषध तिच्यातच असतं. हनान प्रांतातला नानझाओ तालुका या कळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. आणि हे झाड आपल्याला परकं नाही. आपला सोनचाफा याच कुळातला. कळी चुरगाळली की तिखट, कापरासारखा वास येतो. माझं नाक तेव्हा बंद होतं, त्यामुळे तो वास मला महिन्यानंतर कळला.

बाइझी हे पांढरं मूळ, कापलं की खडूच्या चकत्यांसारखं दिसतं. ओवा, बडीशेप, कोथिंबीर यांच्या कुळातलं. कपाळाच्या दुखण्यावरचं हे खास औषध मानतात. त्याची एक जात "हांग बाइझी" म्हणून, म्हणजे हांगझोऊच्याच नावानं, ओळखली जाते. त्याची एक गोष्ट इथले वैद्य आवर्जून सांगतात. सुंग काळात वांग डिंगग्वो नावाच्या गृहस्थाला डोकेदुखी होती. तो दूल्यांग गावी यांग ज्ये या नामांकित वैद्याकडे गेला. वैद्यानं गोळ्या दिल्या आणि दुखणं थांबलं. कृती मागितली तर ती निघाली एकट्या बाइझीची. तेव्हापासून त्या गोळ्यांना गावाच्याच नावानं दूल्यांग-वान म्हणतात. हा वांग डिंगग्वो कवी सू डोंगपोचा मित्र. आणि हा सू डोंगपो १०८९ ते १०९१ हांगझोऊचा कारभारी होता. पश्चिम सरोवरातला गाळ उपसून त्यानं बांध घातला, ज्याच्यावरून मी रविवारी चालायला जाते, आणि गोरगरिबांसाठी सार्वजनिक पैशातून दवाखानाही उघडला. या शहरात औषधाचा धागा ओढावा तर इतिहासातलं कुणी ना कुणी हाताला लागतंच.

आता काढा. पहिले दोन दिवस आयींनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लोखंडाचं भांडं चालत नाही, मातीचं हवं. सगळं अर्धा तास गार पाण्यात भिजत घालायचं. शिनयीची मात्र मलमलीत पुरचुंडी बांधायची, कारण कळीवरची बारीक लव काढ्यात सुटली तर घशाला खाजवते. मग मोठी आच, उकळी आली की मंद. बोह शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचं, नाहीतर त्याचा वास आणि गुण वाफेबरोबर उडून जातात. एकदा गाळलं की त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा, मग दोन्ही एकत्र करून दोन वेळा, जेवणानंतर, कोमट. भांडं उतरवताना आयी मला म्हणाल्या, "तोंड पुढे कर." वरून टॉवेल, खाली वाफ. त्या टॉवेलाखाली डोळे मिटले की मी पुन्हा आठ वर्षांची, आजीनं ओवा टाकलेल्या पातेल्यावर वाकलेली.

तिसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यातूनच काढा करून घेतला. ते उकळून, पिशव्यांत सीलबंद करून घरपोच देतात. कडू म्हणाल तर कडू, पण कडुनिंब प्यायलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये.

काढ्याच्या बरोबरीनं डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी दिल्या होत्या : मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण "चिनी काढ्यानं बरी झाली" ही जी बातमी आपल्या ग्रुपवर फिरली, तिच्यातून हे दोन्ही गळून पडले. पाचव्या दिवशी दाब कमी झाला, आठव्या दिवशी वाकून बुटाची नाडी बांधता आली. यातलं श्रेय कुणाचं? सायनसची नवी सूज बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपली आपणही ओसरते. मला बरं करणारं काढा, फवारा, मिठाचं पाणी आणि दिवस, असं सगळंच असणार. काढ्यानं, त्या वाफेनं मला आराम पडला हे खरं. फक्त त्यानंच बरी झाले असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि जे तसं सांगू शकत नाही ते तुम्हाला घ्यायला कसं लावू?

याहून मोठी गोष्ट जूनमध्ये घडली.

जूनच्या मध्यापासून इथे मेइयू लागतो. म्हणजे आलुबुखारे पिकण्याच्या वेळचा पाऊस. भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशाच एका दिवशी पुन्हा तेच कपाळ, तोच डोळ्यांमागचा ठणका, नाकही चोंदलेलं. मी ठरवूनच गेले की तोच काढा मागायचा. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळे प्रश्न विचारले. शेंबूड? पातळ, पाण्यासारखा. उजेड? नको वाटतो. मळमळ? हो. किती वेळ टिकतं? दिवसभर, मग झोपून उठलं की गायब. असं आधी किती वेळा झालं आहे? मी आठवत गेले. कॉलेजात परीक्षेच्या वेळी, पाळीच्या आधी, उपास घडला की. दर वेळी मी "सायनस वाढलं" म्हणून वाफ घेतली होती आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या होत्या. बाईंनी मान हलवली. "हा बी-युआन नाही. हे फ्यानथौथुंग." म्हणजे अर्धं डोकं दुखणं. आपली अर्धशिशी, मायग्रेन. मागचा काढा त्यांनी दिला नाही. मला त्याच रुग्णालयातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि दुखण्याची तारखेनिशी वही ठेवायला सांगितली.

घरी येऊन मी वाचायला बसले आणि बघतच राहिले. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपलं डोकं सायनसनं दुखतं असं मानणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २९९१ लोक तपासले होते. यात पू-जंतुसंसर्गाची चिन्हं असलेले घेतलेले नव्हते. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. कपाळ, गाल आणि सायनसच्या पोकळ्या, या सगळ्यांची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या शाखांमधून मेंदूकडे जाते. त्यामुळे मायग्रेनमध्येही गालात दाब वाटतो, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. मी पंधरा वर्षं चुकीच्या नावानं आपलं दुखणं हाकारत होते.

म्हणून, तुमच्यापैकी ज्यांनी काढा मागितला त्यांना माझा पहिला प्रश्न असा : तुमचं डोकं खरंच सायनसनं दुखतं आहे, हे कुणी तपासून सांगितलं आहे का?

आता गोखरूकडे. माझ्या चुलतबहिणीचा निरोप आला होता, "ताई, तू फोटो टाकलेलं ते तर आपल्या नदीकाठी पोत्यानं पडलंय. पाठवायची कशाला तसदी? किती उकळू तेवढं सांग." तो वाचून मी कामावरूनच तिला फोन लावला.

गोखरू या एका नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एक जमिनीवर पसरणारा सराटा, ज्याचे काटे पायात मोडतात. आयुर्वेदातला गोक्षुर तो, आणि काष्ठौषधीच्या दुकानात गोखरू म्हणून मिळतो तोही तोच. दुसरी ही कमरेएवढी वाढणारी, आकड्यांसारख्या काट्यांची बोंडं कपड्यांना चिकटवणारी. हिला कुठे लांडगा म्हणतात, कुठे घागरा, पुस्तकांत शंकेश्वर. चिनी काढ्यातली बोंडं या दुसरीची. हिच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत विष असतं, आणि ते थेट यकृतावर घाव घालतं. २००७ साली बांगलादेशात सिल्हेटच्या भागात पुरानंतर अन्नाची टंचाई होती, तेव्हा लोकांनी या झाडाची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यांतले १९ दगावले. तिथे ही भाजी "घागरा शाक" म्हणून ओळखली जाते. नाव आपल्या घागऱ्याच्या इतकं जवळचं आहे की ती बातमी वाचताना मला आपलीच माणसं दिसत होती.

मग हीच वस्तू इथे औषध कशी? ती तशीच्या तशी कुणी देत नाही. कढईत तपकिरी होईपर्यंत भाजायची, काटे चाळून टाकायचे, म्हणजे विषारीपणा बराच उतरतो. तरीही चिनी औषधकोशात तिची मात्रा दिवसाला ३ ते १० ग्रॅम एवढीच, आणि फार दिवस चालू ठेवायची नाही. मला सहा ग्रॅम होती, तीही सात दिवस. आठव्या दिवशी मी "अजून एक आठवडा घेऊ का?" म्हटलं तर डॉक्टरबाईंनी साफ नाही म्हटलं.

जुन्या शहरातल्या हफांग गल्लीजवळ हू छिंग यू थांग हे औषधालय आहे, हू श्वेयान या व्यापाऱ्यानं १८७४ साली काढलेलं. आता तिथे चिनी औषधांचं संग्रहालयही आहे. लाकडी छत, उंच दालन, भिंतभर लहान लहान खण. मार्चमध्ये बरी झाल्यावर आयी मला तिथे घेऊन गेल्या. बाकीच्या पाट्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा. एक मात्र आतल्या बाजूला, काम करणाऱ्यांना दिसेल अशी टांगलेली. त्यावर दोन अक्षरं : जिये-छी. फसवणूक वर्ज्य. माल आणताना तो खरा असावा आणि औषध करताना कसूर नसावी, असं त्याखाली लिहिलं आहे. मी त्या पाटीपुढे बराच वेळ उभी राहिले. माझ्या हातात आलेली भाजलेली बोंडं कुणीतरी कढईशी उभं राहून, रंग पाहत, वेळेवर उतरवली होती. ते मला खिडकीपाशी दिसलं नव्हतं.

सरोवराच्या उत्तरेला गेलिंग नावाची टेकडी आहे. चौथ्या शतकातला वैद्य गे होंग याच्या नावाची. त्यानं आपल्या ग्रंथात तापावर एक कृती लिहिली : छिंगहाव नावाचं झुडूप मूठभर घेऊन पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि रस प्यायचा. उकळायचं नाही. विसाव्या शतकात तू यूयू मलेरियावर औषध शोधत होत्या, तेव्हा या ओळीवरून त्यांना सुचलं की उकळण्याच्या उष्णतेनंच गुण नाहीसा होत असावा. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या टेकडीवर चढताना मला नेहमी वाटतं, झाड ओळखणं हे निम्मंसुद्धा काम नाही. एक भाजावं लागतं, एक पिळावं लागतं, एकाची पुरचुंडी बांधावी लागते, एक शेवटी टाकावं लागतं. हे नदीकाठावरून उपटून आणलेल्या बोंडांबरोबर येत नाही.

तयार गोळ्या मागवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. नाकाच्या चिनी गोळ्यांपैकी काहींत जडीबुटीबरोबर क्लोरफेनिरामाइन असतं, म्हणजे आपल्याकडच्या सर्दीच्या गोळीतलं तेच झोप आणणारं औषध. काहींत माह्वांग असतं, ज्यानं रक्तदाब आणि छातीची धडधड वाढते. डोकेदुखीच्या काही जुन्या नुस्ख्यांत शीशिन नावाचं मूळ असतं. त्याच्या पानांत मूत्रपिंडाला घातक आम्ल सापडल्यामुळे २००५ पासून चिनी औषधकोशानं त्याचं फक्त मूळच वापरायची परवानगी ठेवली आहे. ज्या पाकिटावरचं अक्षर आपल्याला वाचता येत नाही ते पाकीट रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं घेऊ नये. काकांनाही मी हेच सांगितलं. ते थोडे रुसले.

आणि मधुमेह आहे, चेहऱ्याची एक बाजू दुखते आहे, डोळ्याभोवती सूज आहे, दिसायला दोन दोन दिसतं आहे किंवा नाकातून काळपट काही येतं आहे, तर काढा नाही, वाफ नाही, त्याच दिवशी रुग्णालय. २०२१ साली काळ्या बुरशीनं आपल्या भागात किती घरांत काय केलं ते मी इथून फोनवर ऐकत होते. आमच्या ओळखीतल्या एका घरात पहिले चार दिवस "सायनस असेल" म्हणून गेले होते.

घरच्या घरी करण्यासारखं, कुणाला अपाय न होणारं मला एवढंच देता येईल. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवा. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं नाही. आणि नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना, जिथे गालाची घडी सुरू होते, तिथे तर्जनीनं मिनिटभर हलके गोल दाबा. चिनी वैद्यकात त्या बिंदूला यिंगश्यांग म्हणतात. अर्थ आहे, सुगंधाचं स्वागत. आयी मला रोज जिन्यात भेटल्या की स्वतःच्या नाकाशी बोटं नेऊन खुणेनं विचारायच्या, केलं का?

वास परत आला तो एप्रिलच्या सुरुवातीला. छिंगमिंगच्या सणाआधी खुडलेल्या कोवळ्या लोंगजिंग चहाची पानं डोंगरावरच्या गावात कढईत हातानं परतत होते. शेजारून चालताना अचानक भाजलेल्या चण्यांसारखा उबदार वास नाकात शिरला. मी तिथेच थांबले, आयींचा हात धरला. त्यांना न सांगता कळलं.

चुलतबहिणीला मी फोनवर डॉक्टरबाईंचे सगळे प्रश्न एकेक करून विचारले होते. शेंबूड फक्त डाव्या नाकपुडीतून येत होता, आणि त्याला घाण वास होता. मी म्हटलं, "बोंडं राहू दे, आधी बीडला जाऊन नाकाच्या डॉक्टरांना दाखव." ती गेली. त्यांनी स्कॅन करून तिला दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. डाव्या वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि तो वरच्या सायनसमध्ये शिरत होता. दाढेचा उपचार गेल्या महिन्यात संपला. परवा तिनं नदीकाठचा फोटो पाठवला, पुन्हा बोंडं लागलेली, तिच्या लेकीच्या फ्रॉकला चार-पाच चिकटलेली. मी लगेच फोन करून म्हटलं, पोरीनं तोंडात घालू नये एवढं बघ गं.